बिननावाचं बोट

“भीमराव? कोन भीमराव?”

फुलवंताबाई फोनवर इतक्या जोरात ओरडली, की ओट्याखाली सावलीला पडलेली कुत्री उठून गल्लीच्या पार जाऊन बसली.

“बापू व माय, आपला बापू,” पलीकडून, सुरतेहून, गोकुळ सांगत होता. “घागर भरशी तवय भीमराव नाव ले, इतलंच म्हनी ऱ्हायनू. आठे समदा कागदवर तेच नाव शे.”

“कागदले जेवाले बलावनं शे का रे? त्यासले बलावनं शे. भीमराव म्हनं तं कोन ई? दुसराना बाप ई, नि पुरननी पोळी खाईसन चालना जाई. तुन्हा बाप उंबराबाहेर उपाशी उभा!”

 गोकुळच्या पाठीमागे यंत्रमागांचा खडखडाट चालला होता. तो म्हणाला, “सुट्टी भेटत नही माय. नही तं मीच येतू.”

“हाव,” ती म्हणाली. तिला काय समजायचं ते समजलं. सुट्टी न मिळणं वेगळं आणि तोंड दाखवायला लाज वाटणं वेगळं. तिनं फोन पदराला पुसला आणि कोनाड्यात ठेवून दिला.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, परवावर आली होती. रनाळ्याच्या शिवारात कापसाच्या पऱ्हाट्या कधीच उपटून झाल्या होत्या. काळ्या जमिनीला अशा भेगा पडल्या होत्या, की चालणाऱ्याचा पाय आत गेला तर चप्पल आतच राहावी. सकाळी घातलेल्या कुरडया दुपारी खडखडत. पोरीबाळी माहेराला येऊ लागल्या होत्या, लिंबांना झोके लागले होते. आणि ज्या घरातलं माणूस वर्षात गेलं होतं, त्या घरात कुंभाराकडची नवी घागर येऊन बसली होती.

आमच्या खानदेशात आखाजीला गेलेली माणसं जेवायला येतात. सकाळी उंबरा धुवायचा, पुजायचा. मग कुंकवात बोट बुडवून एकेक नाव घ्यायचं आणि एकेक बोट उंबऱ्यावर टेकवायचं. आज्याचं एक, आजीचं एक, चुलत्याचं एक. जो वर्षात गेला त्याच्या नावानं घागर भरायची, वर खरबूज आणि सांजोरी ठेवायची, आणि उंबऱ्यावर पाणी सोडत त्याला मोठ्यानं हाक मारायची. मग चुलीतल्या निखाऱ्यावर तूप आणि पहिला घास टाकायचा. हाक नीट पोचली तर माणूस येतो, जेवतो आणि वर्षभर घराकडे पाहतो. म्हणून हाकेला महत्त्व. आणि हाक म्हणजे नाव.

इथंच फुलवंताबाईचं अडलं होतं.

तिच्या नवऱ्याचं नाव भिला. ते तिनं जन्मात धडपणे घेतलं नव्हतं. आधी “ऐकं का” म्हणायची, पुढं “गोकुळना बाप”. लग्नात बायकांनी उखाणा घ्यायला बसवलं, तर तिनं ते नाव असं काही गिळलं, की नणंद म्हणाली, “नाव लिधं, का लाडू खादा व?”

आणि हे नाव असं, की ते गोकुळलाही नकोसं. ज्या घरात लेकरं जगत नाहीत तिथं पुढच्या पोराचं नाव असं हलकं ठेवतात. कोणी दगडू, कोणी उकिरड्या, कोणी भिला. मरणाला वाटावं, हे काय न्यायचं, टाकाऊ आहे. सुरतेच्या कारखान्यात गोकुळला सोबती हसत, ‘बाप का नाम भिला? भीख माँगता था क्या?’ म्हणून त्यानं हळूहळू एकेका कागदावर बापाला भीमराव करून टाकलं. बापाला पत्ता नव्हता. मागल्या दिवाळीत त्यानं तिकडं घर घेतलं, वास्तूची पत्रिका छापली, आणि ती रनाळ्याला आली. भिलानं अक्षरावर बोट ठेवत ठेवत वाचली. गोकुळ भीमराव.

“हाऊ भीमराव कोन शे?” त्यानं विचारलं. “भाडेकरू शे का?”

पुढं तो काही बोलला नाही. वास्तूलाही गेला नाही, म्हैस विणार आहे म्हणाला. म्हैस विण्याला अजून अवकाश होता. आणि माघात, मिरचीच्या शेवटच्या तोड्याच्या वेळी, बांधावर पाणी प्यायला बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणाला, काळीज बंद पडलं.

गोकुळ आला, डोकं भादरून सगळं यथासांग करून गेला. पण त्या दिवसांत मायलेकांनी त्या पत्रिकेची गोष्ट काढली नाही. ती तशीच दोघांच्या मध्ये, कण्यांत खडा राहावा तशी राहिली.

*

लेक रविना माहेराला आली होती. ती म्हणाली, “माय, मी लेस नाव. मन्हा बापच व्हता ना?”

शेजारच्या ओट्यावर धनसिंग विडी ओढत होता. भिलाचा धाकटा भाऊ, फुलवंताबाईचा दीर. कान तिखट आणि जीभ त्याहून. तो तिथूनच म्हणाला, “आंडेरनी नाव लिधं तं चालस का? ती परका उंबरानी. पितर म्हनतीन, हाई कोना घरनी गाय हंबरी ऱ्हायनी?”

“मंग तुम्ही ल्या, धनसिंगभाऊ,” फुलवंताबाई म्हणाली. “तुमना सख्खा भाऊ.”

“मी काबर लेऊ? पोऱ्या जित्ता शे ना? सुरतेमा पंखाखाले बैठेल शे. आते मी लिधं तं गाव म्हनी, भिलाले आंडोर नव्हता.” त्यानं विडी विझवली. “नि वहिनी, आखो एक सांगस. भिला हाई कोठलं नाव? ते तं मरनले फसाडाले ठेवेल नाव. फसाडानं व्हतं ते व्हयी गयं. पाळनामा फुईनी कानमा दुसरं काही सांगं व्हई. तेच खरं. त्या नाववर मानूस ई.”

“काय सांगं व्हतं?”

“माले काय माहीत? मी तवय जलमना व्हतू का? जसोदाफुई आजून जित्ती शे इसरवाडीले. ईचार. मरानं आगे ईचार.”

माणूस काही चेष्टेनं बोलतो आणि ऐकणाऱ्याच्या पायात काटा रुततो, तसं झालं. रात्रभर फुलवंताबाई कूस बदलत राहिली. इतकी वर्षं ज्याच्यासोबत संसार केला, त्याचं खरं नावच आपल्याला ठाऊक नसेल तर? आणि त्याबरोबर दुसरीही एक जुनी गोष्ट वर आली. दर आखाजीला भिला उंबऱ्यावर बोटं उमटवायचा, प्रत्येकाचं नाव घ्यायचा. पण शेवटी एक बोट तो मुकाट्यानं टेकवायचा. नाव नाही, शब्द नाही. टेकवलेलं बोट जरा वेळ तसंच ठेवायचा. गोकुळ चालायला लागला त्या वर्षी ते पहिल्यांदा दिसलं, तेव्हा तिनं विचारलं होतं, हे कोणाचं? तो म्हणाला, “ते मन्हं शे. ईचारू नको.” तिनं पुन्हा विचारलं नाही. बाईमाणसानं विचारायचं ते एकदाच, अशी तिला शिकवण.

सकाळी तिनं लुगडं बदललं आणि रविनाला म्हणाली, “चाल. इसरवाडीले जावानं शे.”

*

विसरवाडीला हमरस्त्याच्या कडेला जसोदाबाईच्या लेकाचं टायर पंक्चरचं दुकान होतं. दुकानामागं पत्र्याचं घर आणि पुढं पत्र्याच्याच सावलीत बाज टाकलेली. बाजेवर भिलाची फुई, त्याची आत्या. नव्वदीच्या घरातली, सुकलेल्या आंब्याच्या कोयीसारखी. डोळे ठीक होते, कान मात्र ट्रकांनी खाऊन टाकले होते.

फुलवंताबाई पाया पडली. म्हातारीनं तिचं मोकळं कपाळ पाहिलं आणि तोंडावरून हात फिरवला. दोघी जरा रडल्या. मग फुलवंताबाईनं तिच्या कानाशी तोंड नेलं.

“फुई, गोकुळना बापनं पाळनामानं नाव काय ठेवं व्हतं तुम्ही?”

“ऑ?”

“नाव! नाव!”

“नाव?” म्हातारी म्हणाली. “आठे तापी कोठे शे व बाई, नाव चालाले?”

रविनाला हसू फुटलं. पंक्चर काढणारा गडीही हसला. रविनानं मग हात तोंडाभोवती धरून ओरडून सांगितलं, “फुई, मन्हा बापूनं नाव! भिलानं आगलं नाव!”

“आगलं नव्हतंच,” म्हातारीही तेवढ्याच जोरानं ओरडली. बहिऱ्या माणसाला वाटतं, जग बहिरं आहे. “भिलाच! मी कानमा काहीच सांगं नही. नुसती फूक मारी.”

“काबर?”

“भेव व्हतं माले! त्याना आगे ज्या झायात त्यासले मी देवना नाव ठेवात. राजाराम ठेवं. लक्षुमन ठेवं. देवना नाव ठेवात तं देवनीच ली लिधात! वहिनी माले म्हने, जसोदा, आते तू नाव ठेवू नको, तुन्हा तोंडनं नाव जगत नही.” म्हातारीचा आवाज चिरकला. एवढ्या वर्षांनीही ते बोलणं तिच्या अंगात कुठंतरी होतं.

रस्त्यावरून एकामागून एक ट्रक चालले होते. म्हातारी त्यांच्याही वर आवाज चढवून सांगत राहिली.

“मंग भिला झाया. वहिनीनी त्याले सुपमा टाका नि रूपलीना पदरमा दिधा. रूपली भिलीन, आपला वावरमा निंदाले ये. वहिनी तिले म्हने, ले बाई, हाऊ तुन्हा पोऱ्या, मन्हा नही. रूपली त्याले झोपडीमा लयी गयी, रातभर छातीले धरा, आपलं दूध पाजं. सकाळे वहिनी गयी, सुपभर दादर जवारी दिधी, नि पोऱ्या इकत लिधा. नाव रूपलीनी ठेवं. तिना पोऱ्या म्हनीसन भिला!”

फुलवंताबाईनं तिच्या कानाशी वाकून विचारलं, “आनि हाई माले कोनी सांगं काबर नही?”

“सांगाव नव्हतं!” म्हातारी किंचाळली. “कोनलेच सांगाव नव्हतं! सांगं तं मरनले समजी जाई, हाऊ भिलीनना पोऱ्या नही, पाटीलना शे. भिला मोठा झाया तवय वहिनीनी त्याले शपथ घाली, रूपलीनं नाव उंबरावर लेवानं नही. मनमा ले. तोंडवर आनू नको.”

जन्मभर जपलेलं गुपित असं हमरस्त्यावर ओरडून निघालं. चहा पीत उभे असलेले दोन ट्रकवाले वळून पाहत होते.

फुलवंताबाईला मात्र एक जुना दिवस दिसत होता. गोकुळ रांगता होता तेव्हा भिला बैल पाहायला म्हणून तळोद्याच्या बाजाराला गेला, आणि दोन दिवसांनी बैलाशिवाय परतला. डोकं भादरलेलं, मिशी गायब. “हाई काय?” तिनं विचारलं तर म्हणाला, “उवा व्हयन्यात.” ती हसली होती. नणंदेला सांगून पुन्हा हसली होती. मिशीत कुठं उवा होतात का! आणि त्या आधी कित्येक आखाज्यांना अंगणाच्या कडेला एक म्हातारी भिलीण येऊन बसायची. घरात कोणी जेवायच्या आधी तिचं ताट भिला स्वतः घेऊन जायचा. तिचं जेवून होईपर्यंत उभा राहायचा. फुलवंताबाईला वाटायचं, जुनी मजूर आहे, म्हणून.

मायचं सुतक धरून आला होता तो. आणि आपण हसलो.

“फुलवंता,” म्हातारीनं तिचं मनगट धरलं. आता तिचा आवाज खाली आला होता, तरी दुकानापर्यंत जात होता. “ते नाव कोनी बदलं तं नव्हतं ना? नाव बदलं म्हनजे रूपलीना पदर सुटना. मंग त्याले कोन झाकी?”

रविनानं आईकडं पाहिलं. तिलाही पत्रिका आठवली होती.

फुलवंताबाईनं श्वास घेतला आणि सगळ्या ताकदीनिशी ओरडली, “नही फुई! कोनीच बदलं नही! मराना दिनलेबी भिलाच व्हता!”

“मंग बरं,” म्हातारी म्हणाली. “मंग त्यानी येळ भरनी व्हती.”

*

परतीच्या बसमध्ये ऊन खिडकीतून अंगावर येत होतं. 

“माय,” रविना म्हणाली, “भाऊनी पत्रिका...”

“गप बैस.”

“पन माय...”

“दाक्तरनी काय सांगं? काळीज. मंग काळीजच. पत्रिकावरी कोनी मरस का? तसं मरतात तं गावमा एक बी मानूस उरता नव्हता.” फुलवंताबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाली. “नि रविना, हाई गोट गोकुळले सांगी तं मन्हं मेलेलं तोंड देखशी.”

डॉक्टरवर तिचा विश्वास होता. पण विश्वास डोक्यात राहतो आणि खुटखुट छातीत, आणि या दोघांची आपसात भेट होत नाही. तो पत्रिका वाचून गप्प झाला होता, हे तर खरं होतं. त्याला भीती वाटली होती का? रोज मिरची तोडताना, झोपताना, आता आपल्यावरचा पदर सरकला, असं वाटत होतं का? आणि तो कोणाला सांगणार? सांगायचंच नव्हतं. तिला सांगितलं असतं तर तिनं निदान हसून घालवलं असतं.

आणि लेकाला कळलं तर? तो उरलेला जन्म त्या कारखान्यात हेच सूत विणत बसेल. बाप गेला तो गेला. आता या गोष्टीत लेक जायला नको.

*

आखाजीच्या सकाळी उंबरा धुतला गेला. घागर भरली, वर खरबूज बसलं. गोकुळचा फोन आला, चेहऱ्यासकट. रविनानं फोन खरबुजाला टेकवून उभा केला.

“माय, मी आठथीन नाव लेस. पंडित म्हनना, फोनवर चालस.”

“तू फक्त देख,” फुलवंताबाई म्हणाली. ती उंबऱ्याशी बसली आणि कुंकवाच्या वाटीकडं तिनं हात नेला.

धनसिंग नव्या टोपीत येऊन उभा होता. “वहिनी, तू? कुकूले हात लावशी?”

“काबर? बोट सडस का?”

“लोक काय म्हनतीन?”

“लोकसले सांगा, घरमा मानूस नव्हता. एक सुरतेमा शे, नि एक टोपी घालीसन उभा शे.”

धनसिंगनं टोपी सारखी केली.

तिनं एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. सासऱ्याचं घेतलं, सासूचं घेतलं. आजवर कधी न घेतलेली सासरच्या थोरांची नावं ती जात्यात दाणे टाकावेत तशी हळूहळू टाकत गेली. मग म्हणाली, “राजाराम.” एक बोट. “लक्षुमन.” एक बोट. धनसिंगनं मान वर केली. या दोन भावांची नावं त्यानं कधीतरी लहानपणी आईच्या रडण्यात ऐकली होती.

शेवटी तिनं बोट कुंकवात पूर्ण बुडवलं.

“रूपलीमाय,” ती मोठ्यानं म्हणाली, आणि भिला टेकवायचा त्याच जागी टेकवलं. त्याच्यासारखंच जरा वेळ तसंच ठेवलं.

“भिलीन?” धनसिंग पुढं आला. “आपला उंबरावर भिलीन?”

“ती नसती तं उंबरा ऱ्हाता का, भाऊ? तिना पोऱ्या जगना म्हनीसन तुमले धनसिंग नाव भेटनं. नही तं तुम्हीबी दगडू व्हतात.”

रविनानं पदर तोंडाला लावला.  धनसिंग उंबऱ्यावरच्या त्या ओल्या लाल बोटाकडं पाहत राहिला.

“माय,” फोनमधून गोकुळ म्हणाला, “हाई रूपलीमाय कोन?”

“तुन्ही आजी.”

“कोनती आजी? मी तं...”

“ये,” ती म्हणाली. “आठे उंबरावर बैस, मंग सांगसू. फोनवर सांगानी गोट नही ती.” आणि सांगताना त्यातलं काय सांगायचं आणि काय गिळायचं, ते तिनं बसमध्येच ठरवून ठेवलं होतं. लाडू गिळायची तिला सवय होती.

गोकुळ खालच्या आवाजात म्हणाला, “माय, नाव... तुले जे लेनं शे ते ले.”

तिनं लोटा उचलला. पाण्याची धार उंबऱ्यावर सोडली आणि तोंड उघडलं. नाव येईना.  चाळीस-पन्नास वर्षांचा पदर मध्ये होता, बायकोच्या तोंडाला ते नाव जमतच नव्हतं. धार बारीक होत चालली. लोट्यातलं पाणी संपलं की हाक संपली.

मग तिच्या डोळ्यांसमोर झोपडीच्या दारात उभी एक बाई आली, कमरेवर हात, तिन्हीसांजेला वावराकडं तोंड करून लेकराला बोलावणारी. बायकोला जमत नसेल. मायला काय अवघड?

“भिलाऽऽ!” फुलवंताबाईनं हाक मारली. “ए भिलाऽ! ये रे बाळ, ये! जेवाले ये!”

गल्लीतल्या झोक्यांवरचं गाणं थांबलं. धनसिंगनं टोपी काढली. आत चुलीतल्या निखाऱ्यावर रविनानं तूप सोडलं, ते चरचरलं आणि जाळ भडकन वर आला.

“उना का?” धनसिंगनं हळूच विचारलं.

“नाव बरोबर व्हतं,” ती म्हणाली. “ई नही तं जाई कोठे?”

मग तिनं कुंकवाचं बोट पदराला पुसलं आणि फोन हातात घेतला. पडद्यावर गोकुळचा चेहरा अडकून राहिला होता, डोळे मिटलेले. रेंज गेली होती, का तो तसाच बसला होता, कोण जाणे.

“गोकुळ,” ती त्या थांबलेल्या चेहऱ्याला म्हणाली, “बाप जेवना. आते तू बी जेव.”